चलन, समन्स आणि न्यायालयाचे दप्तर
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात फैजपूर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण, विवाहखर्च, व्यसने, शेती अशा विषयांवरील विद्वानांची व्याख्याने आपण या व्यासपीठावरून दरवर्षी ऐकत आलो आहोत. यंदा मंडळाने मला बोलण्याची आज्ञा केली. मी भीत भीत माझा विषय सांगितला, तेव्हा चिटणीसांना हसू आवरेना. "गुरुजी, मोटारसायकलच्या चलनावर व्याख्यान?" होय, चलनावरच. मी जुनी मॅट्रिक झालेला प्राथमिक शिक्षक. कायद्याची परीक्षा मी कधी दिली नाही. परंतु कायद्याने माझी परीक्षा घेतली आणि तीत मी पहिल्या खेपेस सपशेल नापास झालो. ती हकीकत आपल्यापुढे मांडण्यास मला संकोच वाटत नाही, कारण येथे बसलेल्यांपैकी पुष्कळ जण त्याच परीक्षेला बसलेले आहेत आणि त्यांना त्याची वार्ता नाही.

ज्या फैजपुरात डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, त्या गावात माझ्या लहानपणीदेखील मोटारसायकल हे नवल होते. वडील मंडळी बैलगाडीने मळ्यात जात. बैलाला विमा लागत नसे आणि गाडीवानाला कोणी परवाना विचारीत नसे. आज घरात जितकी माणसे तितकी वाहने, आणि अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता ओलांडायचा तर म्हाताऱ्या माणसाने घटकाभर कडेला उभे राहावे. मोटारींचा कायदा आपल्या देशात १९१४ साली झाला, १९३९ साली तो बदलला, आणि सध्याचा १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. २०१९ साली त्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले; आपल्या राज्याने तडजोड शुल्काचे वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले.

दंड वाढल्याची ओरड सर्वत्र झाली. परंतु त्याहून मोठा फरक निराळाच आहे आणि त्याची ओरड कोणी केली नाही. पूर्वी शिपाई समोर उभा राहून पावती फाडीत असे. जो गाडीवर बसलेला, तोच दंड भरीत असे. आता यंत्र छायाचित्र घेते, गाडीचा क्रमांक वाचते, आणि त्या क्रमांकापुढे नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव असेल त्याला निरोप जातो. गाडीवर कोण बसले होते हे यंत्राला ठाऊक नसते.

२०१८ साली मी माझी जुनी मोटारसायकल विकली. घेणारा माझाच एक विद्यार्थी, आता चाळिशीचा शेतकरी. चौदा हजारांना सौदा ठरला, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, पेढा खाल्ला, आणि गाडीचे पुस्तक मी त्याच्या हाती दिले. "नावावर केव्हा करून घेतोस?" असे विचारता तो म्हणाला, "गुरुजी, केळीची पट्टी येऊ द्या, लगेच करतो." पट्टी आली, ती पीककर्जात गेली. दुसरी आली, ती बहिणीच्या लग्नात गेली. मीही पुन्हा विचारले नाही. शिष्याला गाडीवरून किती वेळा टोकावे?

पुढे माझ्या भ्रमणध्वनीवर निरोप येऊ लागले. जळगावच्या एका चौकात शिरस्त्राण नव्हते, म्हणून चलन. त्या दिवशी मी घरच्या ओट्यावर ज्ञानेश्वरी वाचीत बसलो होतो. यंत्राची चूक असेल असे समजून मी तो निरोप पुसून टाकला. मग दुसरा आला, तिसरा आला. दोन वर्षांत सात आले आणि सातही मी पुसले. जन्मभर मुलांना सांगत आलो, की प्रश्न आधी नीट वाचा, मग उत्तर लिहा; स्वतः मात्र प्रश्नपत्रिकाच फाडून टाकीत होतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात एका सकाळी पोलीस शिपाई समन्स घेऊन दारात आला. आमच्या गल्लीत पोलीस दिसला, की सारी दारे उघडतात. घरातून त्याला पाण्याचा तांब्या दिला गेला आणि मला एवढेच विचारण्यात आले, "तुम्ही काय केले?" गाडी विम्यावाचून रस्त्यावर आणल्याबद्दल मला न्यायालयात हजर राहावयाचे होते. मुलीच्या सासरची मंडळी त्याच आठवड्यात यावयाची होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

तारखेस गेलो. पुकारा झाला. हात जोडून मी मुद्रांकाचा कागद पुढे केला आणि गाडी विकल्याचे सांगितले. न्यायाधीशांनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, "नोंदणी कोणाच्या नावावर आहे?" मी म्हणालो, "माझ्या." त्यांनी कागद परत दिला. त्यात राग नव्हता, उपहास नव्हता. पण माझ्या मुद्रांकाची किंमत मला कळली. गुन्हा कबूल करून दोन हजार रुपये भरले व पावती घेतली. विम्यावाचून गाडी चालविली किंवा चालवू दिली, तर पहिल्या वेळेस दोन हजार दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, असे कलम १९६ मध्ये आहे. निवृत्तिवेतनातले ते पैसे मला जड गेले, आणि तरीही मी स्वस्तात सुटलो असे आज म्हणतो. का, ते ऐका.

६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या प्रकरणात निकाल दिला. मूळ मालकाने मोटार २००७ साली विकली होती. ती हातोहात पुढे गेली, आणि २००९ साली तिने अपघात होऊन मनुष्य दगावला. नोंदणी अद्याप मूळ मालकाच्या नावावर होती, म्हणून नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. माझ्या विद्यार्थ्याने त्या चार वर्षांत कोणाला धडक दिली असती, आणि गाडीला विमा तर नव्हताच, तर माझे राहते घर कोठे गेले असते याचा विचार केला की आजही पोटात खड्डा पडतो. कायदा साधा आहे. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन अधिकाऱ्यास कळवावे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावून घ्यावे. नमुना २९ आणि नमुना ३० हे दोन अर्ज त्यासाठी आहेत. आपापसांतला विश्वास हे आपल्या समाजाचे भूषण खरे, पण तो विश्वास नमुना २९ वर सही करूनही टिकतो.

आता शोध कोठे घ्यावा ते सांगतो, कारण पुष्कळांचे अडते ते येथेच. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि सांगाड्याच्या अथवा इंजिनाच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक घातले, की थकलेली चलने छायाचित्रांसह दिसतात. छायाचित्र अवश्य पाहावे. गाडी तुमची नसेल, क्रमांकातला एखादा अंक चुकीचा वाचला गेला असेल, तर पैसे भरण्यापूर्वी तेथेच तक्रार नोंदविता येते. पैसे भरले की प्रकरण मिटते, मग तक्रारीला जागा उरत नाही. दुसरे ठिकाण केंद्राच्या परिवहन खात्याचे. परिवहन अधिकाऱ्यांनी केलेली चलने आणि परराज्यातली चलने तेथे पाहावी लागतात. आपली मंडळी लग्नकार्याला, बाजाराला बऱ्हाणपुरास नेहमी जातात; ते मध्य प्रदेशात आहे हे जेवणावळीच्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहत नाही. एका जागी पाटी कोरी दिसली म्हणून निर्धास्त राहू नये.

चलन न्यायालयात गेले असेल, तर ई-कोर्टच्या संकेतस्थळावर जळगाव जिल्हा निवडून शोधावे. आपला तालुका यावल, तेव्हा येथल्या मंडळींनी आधी यावलच्या न्यायालयाचे दप्तर पाहावे. परंतु गुन्हा जेथे घडला तेथल्या न्यायालयात प्रकरण चालते, म्हणून भुसावळ, रावेर, जळगाव हीही पाहावी. प्रत्येक खटल्यास सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. तो हाती असला तर शोध क्षणात होतो. नसला तर पक्षकाराचे नाव आणि वर्ष घालून शोधावे लागते. आणि पाटील किंवा चौधरी असे नाव घालून पाहा! जिल्ह्यातले निम्मे सगेसोयरे त्या यादीत भेटतात. आपल्या नावांचे इंग्रजी लेखन तर प्रत्येक कारकून आपल्या कानाप्रमाणे करतो. म्हणून वडिलांचे नाव, आडनाव, दोन्ही तऱ्हांनी घालून पाहावे. एवढ्यानेही सापडले नाही, तर समन्स घेऊन सरळ न्यायालयाच्या कार्यालयात जावे. मला तेथे कोणी खेकसले नाही.

वाहतुकीचे खटले बहुधा संक्षिप्त फौजदारी प्रकरणे म्हणून चालतात. कलम २०८ प्रमाणे अशा समन्सात तारखेपूर्वी पत्राने गुन्हा कबूल करून सांगितलेली रक्कम पाठविण्याची मुभा दिलेली असू शकते. ते बारीक अक्षर वाचावे, मजुरी बुडत नाही. दारू पिऊन गाडी चालविण्याचा गुन्हा मात्र रस्त्यावर पैसे देऊन मिटत नाही. तो न्यायालयातच जातो. राष्ट्रीय लोकअदालतीचा निरोप आला तर त्याला समन्स समजून घाबरू नये आणि जाहिरात समजून पुसूही नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे तेथे दोन्ही बाजूंच्या संमतीने मिटते आणि झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. मान्य नसेल तर सही करू नये. भगिनींना त्याच कायद्याने वकिलाचे साह्य विनामूल्य मिळते, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

माझी हकीकत दंडावर संपली नाही. दंड भरून तीन महिने झाले, तरी यंत्रात ते प्रकरण थकलेलेच दिसे. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखविले, दुसऱ्याने पहिल्याकडे. शेवटी कोर्ट फीचे तिकीट लावून नक्कल विभागात अर्ज केला, निकालाची सही-शिक्क्याची नक्कल घेतली, ती दाखविली आणि मग नोंद पुसली गेली. तेव्हापासून ती नक्कल आणि पावती मी सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवतो. विद्यार्थ्याला बोलावून सातही चलने त्याच्यासमोर वाचली. तो मान खाली घालून उभा राहिला. पाचवीत पाढे आले नाहीत म्हणजे असाच उभा राहत असे. सातांचे पैसे त्याने भरले, कोर्टाचे दोन हजार दोन हप्त्यांत आणून दिले, आणि जळगावला जाऊन आम्ही दोघांनी नाव बदलले.

आता एक कडू गोष्ट, जिच्यासाठी मी मुख्यतः उभा राहिलो. शिकवणीला जाणारी पंधरा-सोळा वर्षांची मुले आपण मोटारसायकली देऊन पाठवितो, आणि "आमचा बाळ्या गाडी काय झकास चालवतो" असे पाहुण्यांना सांगतो. पन्नास सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीला सोळा आणि इतर वाहनांना अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर कलम १९९-अ प्रमाणे पालक अथवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा मुलाला थांबविण्याची खटपट केली होती, हे पालकाला सिद्ध करावे लागते. ज्याने किल्ली स्वतः हाती दिली तो काय सिद्ध करणार? आपल्यापैकी अनेकांची गाडी आईच्या नावावर असते. ती माउली गाडीवर कधी बसलेलीही नसते, आणि समन्स तिच्या नावाने निघते.

रस्त्यावर गणवेशातील पोलिसाने कागद मागितले तर दाखवावे. भ्रमणध्वनीतील डिजिलॉकरमधले कागद चालतात. परवाना जप्त केला तर कलम २०६ प्रमाणे त्याची तात्पुरती पोच मिळाली पाहिजे, परंतु परवाना परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालविता येईलच असे नाही. ती मागण्यात उद्धटपणा नाही.

खोट्या चलनांचाही सुळसुळाट आहे. "तुमचे चलन पाहा" म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके नावाची फाइल येते. ती उघडली की भ्रमणध्वनीचा आणि मागोमाग बँकेच्या खात्याचा ताबा चोराकडे जातो. सरकारी चलन अशा फाइलीतून येत नाही. निरोपातल्या दुव्यावर बोट न लावता आपण होऊन संकेतस्थळावर जावे, आणि पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे की नाही ते पाहावे.

आपली काही मुले अमेरिकेत आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. तेथे ग्रामीण भागातून जाताना मिळालेले तिकीट बहुधा त्या भागाच्या कौंटीच्या न्यायालयाकडे जाते. पुष्कळ राज्यांत नुसते पैसे भरणे म्हणजे गुन्ह्याची कबुली धरतात आणि ती परवान्याच्या नोंदीत उतरते. तारीख चुकविली तर परवाना निलंबित होऊ शकतो. राहते शहर दूर असले तरी ज्या कौंटीचे नाव तिकिटावर आहे तिच्याच लेखनिकाकडे चौकशी करावी, असे मुलांना कळवा.

अध्यक्षमहाशयांनी घंटीकडे हात नेलेला मला दिसतो. पंगत बसण्यास अर्धा तास अवकाश आहे. मंडपाच्या उत्तरेस, देणगीच्या टेबलाशेजारी, मी आणि माझा नातू बसणार आहोत. ज्यांना आपल्या गाडीवर काय थकले आहे ते पाहायचे असेल, त्यांनी गाडीचे पुस्तक घेऊन यावे. ज्यांनी गाडी विकून नाव बदललेले नाही, त्यांनी आधी यावे. नमुना २९ आणि ३० च्या कोऱ्या प्रती मी पन्नास आणल्या आहेत.