नोकरी सोडली, विद्या नव्हे



मध्यमवर्गीय घरातील मुलाने चांगल्या पगाराची नोकरी सोडण्याचा विचार बोलून दाखवला, की आईच्या डोळ्यांत पाणी येते आणि वडील मौन धरतात. त्यांना स्वार्थी म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी पोटाला चिमटा घेतलेला असतो. ‘एवढी विद्या वाया घालवणार का?’ हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. सेवाकार्याला निघालेल्या तरुणाला तो टाळता येणार नाही. अरविंद गुप्ता यांच्या जीवनात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते.

मूळचे बरेलीचे गुप्ता १९७५ साली कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झाले आणि पुण्यात टेल्कोमध्ये रुजू झाले. अशी नोकरी म्हणजे त्या काळी जन्माची निश्चिंती. परंतु मनात एक बीज आधीच पडले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून खेड्यातील शिक्षणाकडे वळलेल्या डॉ. अनिल सद्गोपाल यांचे व्याख्यान त्यांनी विद्यार्थिदशेत ऐकले होते. तेव्हाच्या होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांमधून विज्ञानशिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला होता. घोकंपट्टी नाही, मुलांनी स्वतः प्रयोग करायचा, निरीक्षण मांडायचे आणि निष्कर्षही स्वतःच काढायचा.

१९७८ साली गुप्ता तेथे गेले, तेही एका वर्षाची रजा घेऊन. ही गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. भावनेच्या लाटेत त्यांनी राजीनामा फेकला नाही. आधी काम पाहिले, स्वतःला पारखले, पुन्हा नोकरीवर परतले आणि मगच ती कायमची सोडली.

त्या खेड्यात प्रयोगशाळा कोठून येणार? गुप्तांनी आठवडी बाजार धुंडाळला. सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी आणि काडेपेटीतल्या काड्या, एवढ्यावर त्यांचे भागले. नळीचे तुकडे सांधे झाले, काड्या भुजा झाल्या. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबताच कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र आपला आकार सोडत नाही. पूल आणि छपरे यांच्या सांगाड्यांत त्रिकोण का असतो, हे मुलाच्या बोटांनाच कळून गेले. कारखान्यातल्या अभियंत्याची विद्या येथे वाया गेली नव्हती. तिला नवा धनी मिळाला होता.

पुढे हा काड्यांचा खेळ पुस्तकरूपाने निघाला आणि अनेक भारतीय भाषांत पोहोचला. टाकाऊ वस्तूंपासून बनणाऱ्या अशा असंख्य खेळण्यांची कृती त्यांनी सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. २००३ ते २०१४ या काळात पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत महाराष्ट्रातील मुलांनाही त्यांचा लाभ मिळाला. २०१८ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

तरीही ही केवळ यशोगाथा नव्हे. होशंगाबादचा तो कार्यक्रम शासनाने २००२ साली बंद केला. तीस वर्षांच्या कामावर एका निर्णयाने पडदा पडला. मग सारे व्यर्थ गेले काय? नाही. योजना बंद करता येते. काडी आणि नळी जोडायला शिकलेल्या बोटांचे ज्ञान काढून घेता येत नाही. मात्र समाजकार्यात पडणाऱ्याने हा दिवसही गृहीत धरूनच निघावे. कार्यक्रमाला आयुष्य मर्यादित असते. ध्येयाला तशी मर्यादा नसते.

म्हणूनच, घरात असा विचार निघाला तर आई-वडिलांनी मुलाला अडवण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत: ‘तुझी विद्या तेथे कोणाच्या कामी येणार? आणि ते काम वर्षभर जवळून पाहण्याची तुझी तयारी आहे का?’ या दोन्हींचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याला घराने आशीर्वाद देऊन निरोप द्यावा. समाजाचे ऋण फेडण्यातला कुटुंबाचा वाटा तो हाच.