सायकलवाला मुक्कामाला कुठं उतरतो?

मागचे दोन-तीन भाग आपण हप्ते, व्याज आणि नोंदवह्या यांतच अडकलो होतो. आज जरा लांब जाऊ या. युरोपात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे, तिथल्या एका नदीकाठच्या सायकल रस्त्यावर. मी तिथे गेलेली नाही, हे आधीच सांगते. पण या रस्त्याबद्दल मी बरंच वाचलंय, नकाशा समोर ठेवून गावं मोजलीत, आणि आपल्या कामाचं त्यात पुष्कळ सापडलं म्हणून आज हाच विषय घेतला.

नदीचं नाव डॅन्यूब. जर्मनीतल्या डोंगरात उगम पावते, दहा देशांतून वाहते आणि काळ्या समुद्राला मिळते. लांबी सुमारे 2850 किलोमीटर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या जवळजवळ दुप्पट. तिच्या काठाकाठानं सायकलसाठी रस्ता आहे. जर्मनीच्या हद्दीवरच्या पासाऊ शहरापासून ऑस्ट्रियाच्या राजधानीपर्यंत, व्हिएन्नापर्यंत, तीनशे किलोमीटरहून जास्त. साधी माणसं आठवडाभरात हे अंतर काटतात. चढ फारसा नाही, आणि त्याला कारण आहे. पूर्वी नदीतून मालाच्या नावा उलट्या प्रवाहात न्यायच्या तर काठावरून घोडे दोर लावून ओढायचे. त्या घोड्यांची वाट पाण्याच्या पातळीनंच जायची. आजचा सायकल रस्ता बऱ्याच ठिकाणी त्याच वाटेवर आहे.

या सगळ्यातला सर्वांत देखणा तुकडा म्हणजे मेल्क ते क्रेम्स ही दोन गावं आणि त्यांच्यामधली दरी. तिला वाखाऊ म्हणतात. जेमतेम 35 किलोमीटर. मी बी.ए.ला असताना कॉलेजला सायकलनं जायचे, जाऊन-येऊन बावीस किलोमीटर, त्यामुळे या अंतराचं मला काही भय वाटत नाही.

मेल्कला निघतानाच वर टेकडीवर पिवळाजर्द मठ दिसतो. ख्रिस्ती संन्याशांचा मठ, 1089 साली स्थापन झालेला. आजची इमारत मात्र 1702 ते 1736 या काळात बांधली गेली. एवढी मोठी की खालचं गाव तिच्यापुढे खेळण्यातलं वाटावं. तिथून पूल ओलांडून डाव्या काठाला लागलं की चढावर द्राक्षमळे सुरू होतात आणि दर चार-पाच किलोमीटरला एखादं गाव, त्याच्या मध्यभागी जुनं चर्च. मळे आणि चर्च एकत्र का? ख्रिस्ती उपासनेत द्राक्षाचा वाइन लागतो. म्हणून दूरदूरच्या मठांनी या दरीत शेकडो वर्षांपूर्वी जमिनी घेतल्या, मळे लावून घेतले. म्हणजे चर्चची शोभा बघताना, तो चढ कोणाच्या पाठीवर उभा राहिला, हेही बघायला हवं.

तो चढ म्हणजे नुसता उतार नाही. पायऱ्या पायऱ्यांची शेती आहे आणि प्रत्येक पायरीला दगडी ताल. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. कोकणातल्या बाया ज्याला गडगा म्हणतील तसलंच काम. पाऊस आला की पाणी फटींतून निघून जातं, ताल ढासळत नाही. ढासळलीच तर पुन्हा हातानंच रचायची. तिथे यंत्र चढत नाही, त्यामुळे तोडणीही हातानं होते. हंगामाला पूर्वेकडच्या देशांतून मजूर येतात. आपल्याकडच्या ऊसतोडीची आठवण झाली मला.

वाटेत विलेनडॉर्फ नावाचं बारकं गाव लागतं. 1908 साली तिथे रेल्वेचा मार्ग खणताना बाईची एक मूर्ती सापडली. तळहातात मावेल एवढी, 11 सेंटीमीटरची, चुनखडीच्या दगडाची, अंगावर लाल गेरूच्या खुणा. वय 25 ते 30 हजार वर्षं. चेहरा नाही. डोक्यावर वेणी गुंडाळल्यासारख्या ओळी. भरलेलं पोट, भरलेली छाती. दगड त्या भागातला नाही, म्हणजे कोणीतरी तो लांबून आणला. ही देवी होती, बाहुली होती की कुणा बाईनं स्वतःलाच घडवलं होतं, यावर विद्वान अजून वाद घालतात. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे.

पुढे श्पिट्झ गाव, आणि त्याच्या पुढे सांक्ट मिशाएलचं चर्च. या चर्चला किल्ल्यासारखा तट आहे, कारण संकट आलं की गाव आत येऊन बसायचं. त्याच्या छपराच्या कण्यावर मातीची छोटी जनावरं बसवलेली दिसतात. लोक त्यांना ससे म्हणतात आणि गोष्ट सांगतात, की एका वर्षी बर्फ इतकं पडलं की ससे थेट छपरावरून पळत गेले. त्यानंतरच्या गावाचं नावच वाइसनकिर्शन, त्या नावात 'पांढरं चर्च' आहे. त्यालाही तट आहेच.

आता मुद्द्यावर येते.

या दरीत पाहुणे दोन तऱ्हेनं येतात. एक मोठ्या जहाजांतून. जहाज काठाला लागतं, माणसं उतरतात, दोन-तीन तास फिरतात, फोटो काढतात आणि जेवायला, झोपायला परत जहाजावर. ड्युर्नश्टाइन नावाचं एक गाव आहे, निळ्या-पांढऱ्या मनोऱ्याच्या चर्चचं. वस्ती हजाराच्या आत. हंगामात गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. गर्दी मोठी, पण संध्याकाळी गाव रिकामं.

दुसरा पाहुणा सायकलवाला. तो दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर जाणार. त्याला दर तासाला तहान लागते, दोन तासांनी भूक. पाऊस आला की तो कुणाच्या तरी ओसरीला थांबतो. ओझं वाहता येत नाही म्हणून तो सामान भरून आणत नाही, लागेल ते वाटेत घेतो. आणि अंधार पडला की त्याला गावातच खोली लागते. शेतकऱ्यांच्या घरांवर 'खोली रिकामी आहे' अशा पाट्या असतात. सकाळी न्याहारी, घरचा पाव, घरचा जर्दाळूचा जॅम. म्हणजे तो जितका हळू जाईल, तितक्या जास्त घरांत त्याचे पैसे थांबतात. माझ्या मते या सगळ्या दरीचं गणित या एका गोष्टीत आहे.

पण पाहुणा आला म्हणून पैसा आपोआप घरात येत नाही. घराला विकायचा हक्क लागतो. इथे 1784 साल महत्त्वाचं. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा योसेफ यानं त्या साली हुकूम काढला, की शेतकऱ्यानं स्वतःच्या मळ्यातला वाइन आणि स्वतःच्या घरचं खाणं स्वतःच्या अंगणात विकावं. मधला व्यापारी नको, खाणावळीचा वेगळा परवाना नको. (याच सम्राटानं चार वर्षांनी ड्युर्नश्टाइनचा मठ बंद केला.) त्या हुकमातून निघालेली अंगणातली विक्री आजही चालते. तिला हॉयरिगर म्हणतात. घर उघडं आहे हे कळावं म्हणून दारात काठीला हिरव्या फांद्यांची जुडी टांगतात. जुडी दिसली की सायकल थांबवायची. जुडी नाही, तर पुढचं घर.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की एकच घर वर्षभर उघडं नसतं. एक घर दोन-तीन आठवडे उघडतं, मग बंद करून मळ्यात जातं, तेव्हा दुसरं उघडतं. कुणाची पाळी कधी, याचं वेळापत्रक आधीच छापलेलं असतं. वाढतात ते पाव, चीज, थंड मांस, असं साधंच. पाहुणे आले की काम कोणावर पडतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथल्याही घरात ते वेगळं असेल असं मला वाटत नाही. म्हणून बंद असण्याचे आठवडे मला उघडे असण्याइतकेच मोलाचे वाटतात. आपल्या गटांनी यात्रेत स्टॉल लावले तेव्हा सगळ्यांनी एकाच दिवशी तेच थालीपीठ लावलं होतं, आठवतंय ना?

आता काही जणी मनात म्हणत असतील, ही बाई रेडिओवर दारूचं कौतुक करते. ज्या गावांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्या गावांतल्या बाया हे ऐकत असणार, आणि त्यांचा राग मला कळतो. घरात पिऊन येणारा नवरा असेल तर द्राक्षमळ्यांचं सौंदर्य काय चाटायचंय? मी वाइन चांगला की वाईट ते सांगत नाही. सायकल चालवणाऱ्याच्या पिण्यालाही तिथे कायद्यानं मर्यादा आहे, ओलांडली तर दंड. आणि त्याच अंगणात द्राक्षाचा साधा रसही मिळतो. मी बघते ते एवढंच, की माल कोणाचा, भाव कोण ठरवतं आणि पैसे कोणाच्या हातात पडतात.

ज्यांना अंगणात विकणं जमत नाही त्यांच्यासाठी संस्था आहे. वाखाऊच्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था आज सुमारे 250 कुटुंबांची द्राक्षं घेते, एकत्र वाइन करते, एका नावानं विकते. दोन-दोन एकरवाल्याला एकट्यानं बाजारात कोण विचारतंय?

जर्दाळूचंही तसंच. तिथल्या जर्दाळूला नावाचं संरक्षण आहे. आपल्या नाशिकच्या द्राक्षांना, सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे ना, तसं. मार्च-एप्रिलमध्ये सगळी दरी पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरते, जुलैत फळ येतं. रस्त्याकडेला टोपल्या मांडून घरची माणसं बसतात.

हे सगळं बुडालं असतं, अशीही एक वेळ आली होती. 1970 च्या दशकात या दरीत विजेसाठी धरण बांधायचा बेत ठरत होता. धरण झालं असतं तर वाहती नदी तळं झाली असती. गावकऱ्यांनी संघटना केली, वर्षानुवर्षं विरोध लावून धरला आणि 1980 च्या दशकात सरकारनं बेत सोडला. म्हणून आजही श्पिट्झला नदी ओलांडणारी मोठी सपाट होडी इंजिनाशिवाय चालते. दोन्ही काठांमध्ये वर तार बांधलेली आहे, होडी तिला अडकवलेली. नावाडी सुकाणू तिरपं करतो आणि प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. सायकलीसकट चढायचं. 2000 साली युनेस्कोनं ही दरी जागतिक वारसा म्हणून नोंदवली.

वाहती नदी पूरही आणते. 2002, 2013 आणि 2024 साली मोठं पाणी आलं. काठच्या गावांनी आता अॅल्युमिनियमच्या फळ्यांची भिंत केली आहे. एरवी ती गोदामात असते. पुराचा इशारा आला की गावातले स्वयंसेवक खांब उभे करून फळ्या सरकवतात, पाणी ओसरलं की काढून ठेवतात. त्यामुळे बाकीचे दिवस घर आणि नदी यांच्या मध्ये काही आड येत नाही.

सायकलचं बोलतेय तर एका बाईचं नाव घ्यायलाच हवं. ॲना कीझनहोफर. वाखाऊ ज्या प्रांतात आहे त्याच लोअर ऑस्ट्रिया प्रांतातली. शिक्षणानं गणिताची डॉक्टर. 2021 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये बायकांची रस्त्यावरची शर्यत 137 किलोमीटरची होती. हिच्यामागे कुठला व्यावसायिक संघ नव्हता. सुरुवातीलाच पुढे निघाली, शेवटचे चाळीसेक किलोमीटर एकटीनं काढले. मागच्या नामवंत खेळाडूंना ती पुढे आहे याचा पत्ताच नव्हता. दुसरी आलेली बाई रेघ ओलांडताना आपणच जिंकलो म्हणून हात उंचावत होती. सुवर्णपदक आधीच गेलेलं होतं.

वेळ संपत आली. जर्दाळूचा एक पदार्थ सांगून थांबते. बटाटा उकडून किसायचा, त्यात पीठ आणि अंडं घालून मळायचं. फळातली बी काढून तिथे साखरेचा खडा ठेवायचा, वरून पिठाची पारी, अगदी मोदकासारखी बंद करायची. उकळत्या पाण्यात सोडायचा, वर तरंगला की काढून लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचा. ताजे जर्दाळू आपल्याकडे सहज मिळत नाहीत, पण तिकडे हाच पदार्थ अलुबुखारच्या जातीच्या फळाचाही करतात. अलुबुखार उन्हाळ्यात बाजारात येतात. पुढच्या बैठकीला मी किलोभर घेऊन येते, बटाटे तुम्ही आणा.