धावते समालोचन आणि संयम



व्हाइटफील्डमध्ये आकड्यांवरून यंत्राची प्रकृती ओळखणारी मंडळी मोठ्या संख्येने राहतात. मोटारशर्यतीच्या समालोचनाविषयी त्यांच्यापुढे बोलताना प्रश्न उभा राहतो तो हा: आकडे आणि चित्र दोन्ही समोर असताना बोलणाऱ्या माणसाचे प्रयोजन काय?

क्रिकेटचे मैदान एका दृष्टिक्षेपात मावते. आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे धावते समालोचन करणारे बाळ ज. पंडित चेंडूगणिक बोलू शकत, कारण सारा खेळ त्यांच्या डोळ्यांपुढे घडे. शर्यतीचा मार्ग मात्र काही किलोमीटर लांबीचा. म्हणून नभोवाणीच्या काळात निरनिराळ्या वळणांवर समालोचक बसवीत. प्रत्येकाने आपल्यापुढचा तुकडा तेवढा सांगावयाचा.

१४ मे १९४९ रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे मरे वॉकर बीबीसीसाठी प्रथमच ग्रांप्रीचे समालोचन करीत होते. जॉन बोल्स्टर यांची मोटार त्यांच्या डोळ्यांदेखत उलटली. माणूस गेला, असेच वॉकर यांना वाटले. परंतु श्रोत्यांना त्यांनी इतकेच सांगितले, की बोल्स्टर मार्गाबाहेर गेले आहेत. बोल्स्टर वाचले.

पुढे दूरचित्रवाणी आली आणि काय घडले हे प्रेक्षक स्वतःच पाहू लागला. १९८० पासून १९७६ चे विश्वविजेते जेम्स हंट वॉकर यांच्या जोडीला बसू लागले. वॉकर घटना सांगत, हंट तिचे कारण.

१ मे १९९४ रोजी इटलीतील इमोला येथे आयर्टन सेना यांची मोटार भिंतीवर आदळली. आदल्याच दिवशी तेथे रोलंड रात्झेनबर्गर मृत्यू पावले होते. यावेळी चित्र क्षणात घरोघर पोहोचले. सेना यांचे काय झाले, हे मात्र पडद्यावरून कळत नव्हते. शर्यत पुन्हा सुरू झाली, संपली. मृत्यूची वार्ता सायंकाळी बोलोन्याच्या रुग्णालयातून आली. तोवर वॉकर यांना बोलत तर राहावयाचे होते, पण ठाऊक नसलेले बोलावयाचे नव्हते.

३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडा येथे भारतातील पहिली फॉर्म्युला वन ग्रांप्री झाली, तेव्हा वेगाचे व गिअरचे आकडेही पडद्यावर उमटत होते. मोटार मंदावली, हे आकडा सांगतो. ती का मंदावली, हे जाणकाराने सांगावे. आत बसलेल्या माणसाविषयी मात्र खात्रीची बातमी येईपर्यंत त्याने थांबावे. कारण त्या माणसाच्या घरीही कोणीतरी तेच प्रक्षेपण ऐकत असते.