पंप बंद पडला तर? वॉटर-कूल्ड पीसी आणि भातसाचं पाणी

मुरबाडहून एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, वॉटर-कूल्ड पीसी घेतलाय आणि रात्री रेंडर लावून झोपतो. विचारतोय की मध्येच पंप बंद पडला तर मशीन जळेल का?

प्रोसेसर बहुतेक वाचेल. काम वाचेलच असं नाही.

पंपाचं महत्त्व कळायला आपल्या शहापूर तालुक्यातलंच उदाहरण घेऊ. इथून मुंबईला पाणी जातं. तानसा धरण १८९२ सालचं, त्याचं पाणी उतारानेच जातं. भातसाचं तसं नाही. ते नदीने पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून पंपाने उचलून पांजरापूरला शुद्ध करायला नेतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिशाच्या पंपिंग स्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि मुंबईत पाणीकपात झाली. धरणात पाणी होतं, उचलणारं कोणी नव्हतं. (आणि धरणाशेजारच्या आपल्या पाड्यांवर टँकर येतात, पण त्यावर वेगळा एपिसोड करावा लागेल.)

तुमच्या कॅबिनेटमध्ये हेच होतं. लोकांना वाटतं, नळीत एवढं पाणी आहे, तापायला वेळ लागेल. पण पंप थांबला की प्रोसेसरवरच्या ब्लॉकमध्ये जेमतेम चमचा-दोन चमचे पाणी अडकतं. तेवढंच तापतं, तेही काही सेकंदांत. रेडिएटरमधलं पाणी गारच राहतं. त्यामुळे रेडिएटरजवळ किंवा टाकीत सेन्सर लावला असेल तर तो 'सगळं छान' दाखवत बसेल. तापमान बघायचं ते प्रोसेसरचं.

मग प्रोसेसर काय करतो? बऱ्याच इंटेल डेस्कटॉप चिपची मर्यादा १०० अंश असते, रायझन ७००० मालिकेची ९५. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. तरीही ताप वाढतच राहिला तर थेट वीज तोडतो. म्हणजे चालू मशीनचा प्लग ओढल्यासारखंच. त्या क्षणी डिस्कवर फाईल लिहिली जात असेल तर ती खराब होऊ शकते. आणि नवरीच्या पाठवणीचं शूटिंग पुन्हा करता येत नाही! लग्नसराई नेमकी मे महिन्यात, तेव्हा मुरबाडला पारा चाळिशीच्या वर. खोलीच तापलेली, त्यामुळे हाताशी वेळ आणखी कमी.

म्हणून चिपने स्वतःला वाचवायच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. पंपाच्या वायरींमध्ये एक वायर फेरे मोजून मदरबोर्डला कळवते. ती 'सीपीयू फॅन' किंवा 'पंप' लिहिलेल्या पिनांवर जोडा. मग बायोसमध्ये जाऊन दोन गोष्टी करा: पंप कायम पूर्ण वेगाने ठेवा, आणि फेरे थांबल्यावर इशारा किंवा शटडाऊन अशी सोय असेल तर ती चालू करा. असेंबल करणाऱ्याने हे केलंच असेल असं धरू नका.

त्यानंतर सॉफ्टवेअर. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फोमध्ये अलार्म लावता येतो, आणि अलार्म वाजला की एखादा प्रोग्राम चालवता येतो. तिथे शटडाऊनची कमांड द्या. समजा प्रोसेसर ९० अंशांवर वीस-तीस सेकंद राहिला, तर मशीन नीट बंद होईल. लिनक्सवाल्यांनी एलएम-सेन्सर्स वापरून चार ओळींची स्क्रिप्ट लिहावी. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, पण भिस्त आधी बायोसवर ठेवा. विंडोज हँग झालं की तुमची स्क्रिप्टही हँग.

एक खोच आहे. पंपाचे फेरे चालू म्हणजे पाणी वाहतंयच असं नाही. हवा अडकली किंवा आत गाळ साचला तर मोटर फिरते, पाणी हलत नाही. विहिरीवरचा पंप 'एअर धरतो' ना, तसंच. स्वतः नळ्या जोडून लूप बनवला असेल तर फ्लो सेन्सर घ्याच, कारण पेटीजीच्या नळ्या ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. मग गळती, आणि खाली ग्राफिक्स कार्ड.

पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' महासंगणक आहे, त्यातही द्रवाने थंड करायची पद्धत वापरलीये. पण अशा मोठ्या ठिकाणी सहसा जोडीला राखीव पंप असतो आणि लक्ष ठेवायला माणसं असतात. आपल्याकडे पंप एक, आणि माणूस झोपलेला.

लाईट गेली तर? पंप आणि प्रोसेसर एकदमच बंद, त्यामुळे तापायची भीती नाही. फाईलसाठी यूपीएस लागेल तो वेगळा.

माझं मत विचाराल तर, रात्रभर एकट्याने चालणाऱ्या मशीनला मोठा एअर कूलर बरा. त्यातला पंखा थांबला तरी जाड धातू थोडा वेळ उष्णता ओढतो. तानसाचं पाणी समजा. पण पैसे आधीच गेले असतील तर आहे त्याची सोय करा, आणि प्रोसेसरची पॉवर लिमिट थोडी खाली आणा. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, चालेल.

अलार्म लावल्यावर तो खरंच वाजतो का बघा. पंप काढायची गरज नाही. पंप २८०० फेऱ्यांवर फिरत असेल तर अलार्मची मर्यादा तात्पुरती ३००० करा. सगळ्या फाईली सेव्ह करून ठेवा आणि बघा मशीन बंद होतं का. झालं की मर्यादा परत खाली आणा, नाहीतर आज रात्रीचं रेंडर सुरूच होणार नाही.