गुण वाढले, मग खुलासा कशाला?

अमेरिकेत जेडी, म्हणजे तिथली तीन वर्षांची कायद्याची पदवी घ्यायला निघालेली मुलं सल्ल्याला येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. एलसॅट ही प्रवेशपरीक्षा दोनदा दिलेली असते. पहिल्यांदा १५२, दुसऱ्यांदा १६४. ‘मॅडम, चांगले गुण आहेत की हातात. मग जुन्यांचा विषय काढायचाच कशाला?’

काढायचा, कारण जुने गुण झाकून राहत नाहीत. परीक्षा घेणारी एलसॅक ही संस्था विद्यापीठाला जो अहवाल पाठवते, त्यात मागच्या काही वर्षांतले सगळे गुण असतात. बहुतेक विद्यापीठं सर्वांत जास्त गुणांनाच महत्त्व देतात, हे खरं. पण १२० ते १८० एवढ्याच मोजपट्टीवर बारा गुणांची उडी दिसली, की वाचणाऱ्याला प्रश्न पडतो : या मुलीची खरी कुवत कुठली? त्यातून आपली पदवी भारतातली. आपल्या टक्क्यांचं अमेरिकी सरासरीत रूपांतर करून तो आकडा अहवालात दिला जात नाही. मोघम शब्दांत दर्जा कळवतात. त्यामुळे आपल्या मुलांच्या बाबतीत एलसॅटच्या आकड्यावर नजर जास्तच खिळते.

दोन-तीन गुणांचा फरक असेल, तर मात्र काही लिहू नका. तेवढा चढउतार या परीक्षेत गृहीतच धरलेला आहे.

मागे एका मुलीनं खुलाशाचा मसुदा आणला होता. दीड पान. त्यात नोकरी, घरचं आजारपण, परीक्षेची धास्ती, शेवटी दिलगिरी. मी तिला एवढंच विचारलं, ‘पहिल्या वेळी पेपरात नेमकं काय झालं?’ ती म्हणाली, ‘प्रत्येक विभागात शेवटचे चार-पाच प्रश्न वाचूनच झाले नाहीत.’ एका विभागाला पस्तीस मिनिटं मिळतात. ती रात्री नोकरीवरून आल्यावर सराव करायची, पण घड्याळ न लावता. दुसऱ्या खेपेला चार महिने दर रविवारी सकाळी तिनं वेळ लावून पूर्ण पेपर सोडवला. हे त्या दीड पानात कुठेच नव्हतं!

मग चारच वाक्यं उरली. मराठीत सांगायची तर अशी : ‘पहिली परीक्षा मी पूर्णवेळ नोकरी करत असताना दिली. वेळ लावून सराव केला नव्हता, त्यामुळे प्रत्येक विभागात काही प्रश्न राहिले. नंतर चार महिने दर आठवड्याला एक पूर्ण पेपर वेळेत सोडवला. माझी तयारी दुसऱ्या गुणांतून अधिक खरी दिसते, असं मला वाटतं.’

ऑगस्ट २०२४ पासून या परीक्षेतला तर्ककोड्यांचा विभाग गेला. तुमचा पहिला प्रयत्न त्याआधीचा असेल आणि कोड्यांनीच घात केला असेल, तर तसं एका वाक्यात सांगा. परीक्षा सोपी झाली, असं मात्र सुचवू नका.

आजारी होतात? महिना लिहा, बरे झालात हेही लिहा. नव्हतात, तर कृपा करून आजारपण रचू नका. पुढे वकिलीची सनद मागाल, तेव्हा तिथलं बार मंडळ तुमच्या चारित्र्याची चौकशी करतं आणि प्रवेश अर्जात काय लिहिलं होतं, हेही त्या वेळी तपासलं जाऊ शकतं. ‘तयारी कमी पडली’ हे कारण खरं असेल, तर ते पुरेसं आहे. त्यात कमीपणा नाही.

हा मजकूर स्वतःबद्दलच्या निबंधात मिसळू नका. वेगळ्या पानावर घ्या, वर नाव आणि एलसॅकचा खाते क्रमांक टाका. आणि विद्यापीठाच्या सूचना आधी वाचा. काही ठिकाणी गुणांतल्या फरकाबद्दल थेट विचारलेलं असतं आणि शब्दमर्यादाही दिलेली असते.