घाटी, सडा आणि सायकल

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



सायकल म्हटली की पुण्याचं नाव निघतं. एके काळी पुणं हे सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं आणि ते खोटं नव्हतं. कोकणाचं नाव मात्र या संदर्भात कुणी घेत नाही. घाटावरून आलेले पाहुणे हमखास विचारतात, 'तुमच्याकडे सगळे चढ-उतार, इथं सायकल कशी चालवता हो?' प्रश्न रास्त आहे. रत्नागिरी शहरात सलग सपाट रस्ता शोधावाच लागतो. मांडवीकडून मारुती मंदिराला यायचं तर चढ, तिथून परटवण्याला जायचं तर उतार, बाजारातून थिबा पॅलेसला जायचं तर पुन्हा चढ. तरीही आज मला बोलायचं आहे ते या शहराच्या आसपासच्या सायकलच्या रस्त्यांविषयी.

आधी जमीन समजून घेऊ. आपली किनारपट्टी म्हणजे जांभ्या दगडाचे सडे. वरून बरेचसे सपाट, कडेला एकदम तुटलेले, समुद्रापासून कुठे साठ-सत्तर मीटर उंच तर कुठे शंभरच्याही वर. सह्याद्रीतून आलेल्या नद्या हे सडे कापत समुद्राला मिळतात आणि त्यांच्या तोंडाशी खाडी होते. जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी. गावं आणि नारळी-पोफळीच्या बागा खाली पाण्याकाठी, कलमं आणि कातळ वर. खालून वर नेणाऱ्या चढाच्या वाटेला आपण घाटी म्हणतो. त्यामुळे किनाऱ्याने उत्तरेला जा नाहीतर दक्षिणेला, हिशेब एकच. खाडीला उतरायचं, पलीकडची घाटी चढायची, सड्यावर दम घ्यायचा आणि पुढच्या खाडीला उतरायचं.

कोकण रेल्वेनं हा हिशेब चुकवला. दीडशे मीटर अंतरात एक मीटरपेक्षा जास्त चढ घ्यायचा नाही, असं बंधन तिच्या आखणीत होतं. त्यापायी करबुड्याला साडेसहा किलोमीटरचा बोगदा खणावा लागला आणि पानवल नदीवर 64 मीटर उंचीचा पूल बांधावा लागला. सायकलवाल्यासाठी बोगदा कोण खणणार? त्याला घाटी चढावीच लागते.

ती चढणारी माणसं आमच्याकडे फार पूर्वीपासून होती. पाववाला होता, पोस्टमन होता आणि मासेवाला होता. माझे मामू मिरकरवाड्यावरून मासळी घेऊन गावोगाव विकायचे. काळी, दांड्याची सायकल, मागे कॅरिअरला बांधलेला लाकडी खोका, हँडलला रबरी फुग्याचा भोंगा. त्या सायकलच्या पुढच्या चक्राला 44 दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला 18, म्हणजे पायडल एकदा फिरवलं की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरणार. सपाटीला हे झकास. पण खोक्यात तीस किलो बांगडा असताना अशा सायकलवर बसून घाटी चढणारा माणूस मी पाहिलेला नाही. मामू खाली उतरायचे, एक हात हँडलला, दुसरा सीटला, आणि अंग पुढे टाकून ढकलत वर न्यायचे. सड्यावर पोहोचले की तिथल्या पहिल्या घराच्या पडवीत सायकल टेकवायची, कुणीतरी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणून द्यायचं. मग भोंगा.

मामू चौथीपर्यंत शिकलेले. पण कोणत्या वाडीत सोमवार पाळतात, कुठे गुरुवार, संकष्टी कधी, एकादशी कधी, श्रावण कधी लागतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ असायचं. त्या दिवशी मासळी खपत नाही, एवढंच त्याचं कारण! आमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय लटकत असे ते त्यांच्या धंद्यासाठी. आणि शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला परत यायचं म्हणून त्या दिवशीची फेरी जवळच्या गावांची. आज आमची तरुण मंडळी डोक्यावर हेल्मेट घालून पहाटे निघतात आणि ज्याला 'रूट' म्हणतात, ते पुष्कळसे असेच कुणाच्या तरी गिऱ्हाइकीचे रस्ते आहेत.

मी स्वतः पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा सायकलवर बसलो. डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचं सांगितलं. साखर वाढली म्हणून मी साखरतरला जाऊ लागलो, असं मित्रांना सांगतो. विनोद जुना झाला, पण साखर आटोक्यात आहे.

तर हा साखरतरचा, म्हणजे उत्तरेचा रस्ता. मला विचाराल तर या भागातला हा सर्वांत देखणा. परटवण्यावरून शिरगावला यायचं, मत्स्य महाविद्यालयाचा भाग मागे टाकायचा आणि साखरतरच्या पुलावर यायचं. 'तर' म्हणजे होडीने खाडी ओलांडायची जागा. आता पूल आहे, होडीची गरज उरलेली नाही, गावाच्या नावात मात्र ती जागा राहिली. सकाळी साडेसहाला या पुलावर थांबावं. ओहोटी असली तर चिखलात बगळे असतात, भरती असली तर होड्या परतत असतात. पुढे बसणी, काळबादेवीच्या बाजूने आरे. आरे आणि वारे ही दोन किनाऱ्यांची जोडी, मध्ये डोंगराचा सुळका समुद्रात घुसलेला. त्या सुळक्याच्या कडेनं रस्ता चढतो. इथं घाई करू नये. गिअरची सायकल असेल तर चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाकावा. चढ अर्ध्यावर आल्यावर खडखडाट करत गिअर बदलला की चेन उतरते आणि माणूसही उतरतो. हलक्या गिअरमध्ये पाय भराभर फिरतात, पुढे फारसं गेल्यासारखं वाटत नाही, पण छाती फुटत नाही. वर पोहोचल्यावर एका बाजूला आरे, दुसऱ्या बाजूला वारे आणि खाली सुरूची बनं.

पुढे नेवरे, आणखी एक-दोन चढ, आणि भंडारपुळ्याच्या वळणावरून समोर गणपतीपुळे. रत्नागिरीपासून हे अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. पुळ्याला डोंगरालाच देव मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा घालायची ती अख्ख्या डोंगराला. तिथून मालगुंड अगदी जवळ. मराठी कवितेला नवं वळण देणारे केशवसुत 1866 साली या गावात जन्मले. त्यांचं स्मारक 1994 मध्ये झालं. कवितेतलं एखादं कडवं अडलं की मी इथवर येतो. ते सुटतंच असं नाही, पण घामाघूम अवस्थेत माणूस स्वतःच्या ओळींवर फार खूश राहू शकत नाही, हा फायदा आहेच.

या रस्त्यावर निघायची वेळ महत्त्वाची. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे घोकले ते परीक्षेपुरते. सायकलवाल्याला ते रोज भेटतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा मंद असतो. दहा-अकरानंतर समुद्राकडचा वारा उठतो, आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत तो बहुधा वायव्येकडून येतो. म्हणून सकाळी वारा पडलेला असताना उत्तरेला जावं आणि तो उठला की त्याला पाठीवर घेऊन परतावं. याच्या उलट, म्हणजे सकाळी पावसला जाऊन दुपारी परतणाऱ्याला भाट्याच्या पुलावर वारा असा अडवतो, की ती सपाटी घाटीपेक्षा जड वाटते.

दक्षिणेचा रस्ता हाच. भाट्याचा लांब पूल, उजव्या हाताला समुद्र, मग झरी विनायक, सुरूचं बन आणि मग फणसोप, गोळपकडे चढणारी घाटी. वर आलात की मोकळा सडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो करपलेला, ओसाड दिसतो. हाच सडा भाद्रपदात पाहावा. कातळावर वीतभरही माती नसते, तिथं सीतेच्या आसवांची निळी-जांभळी चादर पसरलेली असते. मोटारीतून ती नुसता रंग म्हणून दिसते, सायकलवरून फूल दिसतं. याच सड्यांवर ठिकठिकाणी हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कातळात चित्रं खोदून ठेवली आहेत. कशेळीचा भलामोठा हत्ती पुढे मुचकुंदीच्या पलीकडे, तर उक्षीचा हत्ती ईशान्येला. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. ज्या कातळावरून मामू मासे घेऊन जात, त्याच्या पोटात काय काय आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधिमंदिर आहे, तिथं पाणी, सावली आणि चहाची टपरी सगळं मिळतं. दमेकऱ्यांनी इथून परतावं. दम असेल त्यांनी पूर्णगडापर्यंत जावं. किल्ला लहान, पण तटावरून मुचकुंदीचं मुख दिसतं.

तिसरा रस्ता पूर्वेचा, काजळीच्या काठाने हरचेरी, चांदेराईकडे. समुद्र नाही, म्हणून पर्यटक नाहीत. नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी, असं मी सुचवेन. हातखंब्याला महामार्गावर जाऊन किलोमीटर मोजण्यात शौर्य आहे असं काहींना वाटतं. तिथली अवजड वाहतूक आणि उतार पाहता मी त्या वाटेला जात नाही. निवळीवरून जयगड बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दलही माझं हेच मत.

चार सूचना घाईघाईत सांगतो. मासळीच्या गाड्यांतून खारं पाणी गळतं, त्यामुळे बंदराजवळची वळणं पावसाविनाही निसरडी असतात. किनाऱ्यालगत वळणावर वाळू साचते, तिथं ब्रेक वळणाच्या आधी दाबावा, वळताना नाही. लांब उतारावर दोन्ही ब्रेक सतत धरून ठेवू नयेत, दाबत-सोडत उतरावं. आणि घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्यानं पुसून चेनला तेल द्यावं, नाहीतर आपली खारी हवा महिन्याभरात तिला तांबडी करते.

आता थोडं काळजीचं. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गाचं स्वप्न बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासून, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून सांगितलं जात आहे. आता त्याला वेग आला आहे. दाभोळ, जयगड, काळबादेवी अशा खाड्यांवरचे मोठे पूल त्या आराखड्यात आहेत. मी पुलांच्या विरोधात नाही. खाडीपलीकडच्या बाळंतिणीला दवाखान्यात नेताना किती किलोमीटरचा वळसा पडतो, हे इथं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. परंतु रस्ता रुंद झाला की गाड्यांचा वेग वाढतो आणि सायकलवाला कडेच्या खडीत ढकलला जातो, हेही आपण महामार्गावर पाहतोच आहोत. या किनाऱ्यावर आजही शाळेत जाणाऱ्या मुली सायकलवर असतात, बागेत कामाला जाणारा गडी सायकलवर असतो. त्यांना हेल्मेटही नसतं आणि त्यांचा कुठला गटही नसतो.

म्हणून माझी मागणी लहान आहे. नव्या पुलांवर आणि रुंद होणाऱ्या घाट्यांत, चढाच्या बाजूला, दीड-दोन मीटरची डांबरी कड सायकलसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी आखून द्यावी. चढाची बाजू मुद्दाम म्हणतो. उताराला सायकल वाहनांच्या वेगाशी बरोबरी करते, चढाला ती चालण्याच्या वेगावर येते, डुलते, आणि अपघात तिथं होण्याची भीती असते. आखणीच्या वेळी ही कड धरली तर खर्च फारसा वाढत नाही. नंतर डोंगर पुन्हा कापायचा म्हटला तर कुणी कापत नाही. आणि नवा रस्ता जिथं वेगळ्या वाटेनं जाईल, तिथं आरे-वाऱ्याच्या सुळक्यावरचा जुना, अरुंद रस्ता मोडू नये, डागडुजी करून राखावा. ग्रामसभांमधून हे आताच मांडायला हवं. माझ्या ओळखीच्या दोन-तीन गावांतल्या मुलांनी तशी पत्रं तयार केली आहेत, मजकूर तपासायला माझ्याकडे आणली होती. मी फक्त विशेषणं काढली.

तोवर ज्यांना जमेल त्यांनी मालगुंडहून पुढे जयगडला जाऊन यावं. किल्ला पाहावा, दीपगृह पाहावं. तिथून खाडीपलीकडे तवसाळला फेरीबोट जाते, तीत मोटारींच्या शेजारी सायकलही उभी करता येते, आणि पुढे हेदवी, वेळणेश्वर, गुहागरचा रस्ता मोकळा होतो. पाण्याची बाटली मात्र जयगडलाच भरून घ्या. तवसाळला उतरलं की घाटी आहे.