‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी आणि साखरेचा आजार



आज पिकाविषयी नाही, पीक काढणाऱ्याविषयी थोडे बोलू. मधुमेह, ज्याला आपण ‘शुगर’ म्हणतो, तो आता शहरापुरता राहिलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

मागच्या सुगीत एक काका दवाखान्यात आले. अन्न जात नाही, मळमळ, पोट साफ नाही, सारखी तहान. चौकशी केली तेव्हा कळले, की ‘ड’ जीवनसत्त्वाने साखर जाते असे कुणीतरी त्यांना सांगितले होते. काकांनी शुगरच्या गोळ्या बंद केल्या आणि आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची पुडी रोज एक, अशी दोन महिने घेतली. साखर वाढलीच, शिवाय रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण आला. वेळेवर आले म्हणून निभावले.

मग या ‘ड’चे आणि साखरेचे नाते किती खरे? नाते आहे. हे जीवनसत्त्व आपल्या कातडीत उन्हाने तयार होते. अन्नातले कॅल्शियम अंगी लावणे आणि हाडे बळकट ठेवणे हे त्याचे मुख्य काम. ज्यांच्या रक्तात ते कमी असते त्यांच्यात मधुमेह जास्त दिसतो, हेही खरे. पण वजन जास्त आणि दिवसभर बैठे काम असले, तर ‘ड’ही कमी राहते आणि साखरही वाढते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे नव्हे.

म्हणून अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ लोकांवर चाचणी घेतली. निम्म्यांना रोज ४,००० युनिट ‘ड’, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २०१९ साली निकाल आला. अडीच वर्षांत पहिल्या गटात २९३ जणांना मधुमेह झाला, दुसऱ्या गटात ३२३ जणांना. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. पुढे २०२३ मध्ये अशा तीन चाचण्यांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा उंबरठ्यावरच्या लोकांत धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २००२ साली निकाल आलेल्या अमेरिकेतल्याच चाचणीत उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन थोडे उतरवले आणि आठवड्यात १५० मिनिटे झपझप चालण्यासारखा व्यायाम केला. त्यांचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या चाचणीतही आहार-व्यायामाने तो २८ टक्क्यांनी उतरला. सांगा बरे, पारडे कुठले जड?

तुम्ही जस्ताचे उदाहरण घ्या. माती तपासली आणि जस्त कमी निघाले, तर झिंक सल्फेट टाकल्यावर पीक सुधारते. कमी नसताना पोतेच्या पोते ओतले, तर पैसा जातो आणि जमीनही बिघडते. ‘ड’चे तसेच आहे. कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे, पण ती हाडांसाठी आणि अंगातल्या ताकदीसाठी. ज्याला मधुमेह झालेला आहे, त्याच्या औषधाची जागा ही पुडी घेऊ शकत नाही.

तेव्हा एवढे करा :

१. वयाची तिशी ओलांडली की प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात साखर तपासून घ्या. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. दोन वेळा १२६ किंवा जास्त आली, तर मधुमेह.

२. शुगरचे औषध मनाने बंद करू नका.

३. ‘ड’ची पुडी डॉक्टर सांगतील तेवढीच आणि तेवढेच दिवस घ्या. दर आठवड्याची पुडी रोज घेऊ नका. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आधी तसे सांगा.

४. ऊन फुकट आहे. आपली सावली उंचीपेक्षा आखूड असते त्या वेळी थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवा. कोवळ्या उन्हात ‘ड’ फारसे तयार होत नाही. मात्र वैशाखात भर दुपारी उन्हात उभे राहू नका, ऊन लागेल. अंगभर कपड्यात आणि डोक्यावर पदर घेऊन राबणाऱ्या भगिनींनाही ‘ड’ कमी पडू शकते, हे ध्यानात घ्या.

५. जवळच्या शेतावर फटफटीऐवजी पायी जा. ताटात भात-भाकरी बेताने, डाळ-उसळ आणि पालेभाजी जास्त. चहात साखर कमी, आणि गूळ चालतो असे समजू नका. गुळानेही साखर वाढते.

मातीची तपासणी केल्याशिवाय आपण खत टाकत नाही. मग शरीराची तपासणी केल्याशिवाय औषध कशाला घ्यायचे?